शेळके सरांची प्लास्टरची माणसं

आमचे शेळके सर प्लास्टरच्या दातांशी बोलतात. "हं, वाळूज, तुझी दाढ लई हट्टी बघ." पेशंटची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. वेडेवाकडे दात तारेनं सरळ करायचा त्यांचा दवाखाना. मी तिथं असिस्टंट.

तार ओवायला दातांवर बारीक ब्रॅकेट चिकटवावे लागतात. बरेच डॉक्टर ते थेट तोंडात, एकेक करून लावतात; तोवर पेशंटनं तोंड उघडं ठेवायचं. सर आधी माप घेऊन दातांचा प्लास्टरचा नमुना करतात आणि ब्रॅकेट त्यावर बसवतात. केसभर इकडं, केसभर तिकडं. मग वरून सिलिकॉनचा मऊ ट्रे दाबायचा. ब्रॅकेट त्यात अडकून येतात, ट्रे तोंडात बसवला की सगळे एकदम दातांवर.

"सर, थेट लावले असते तर एव्हाना घरी असतो," मी म्हणायचे.

"माणसाला कशाला छळायचं, ताई? प्लास्टरला छळा. ते कुठं कुरकुरतंय?"

एकदा औषध कंपनीचा माणूस आत आला. सर नमुन्यात डोकं घालून म्हणाले, "लई पुढं आलायस, जरा मागं सरक." तो बिचारा दारापर्यंत सरकला.

मग पाचोडची कोमल आली. आधी कुठंतरी तिला धरून ठेवून दात काढला होता. खुर्ची दिसली की दाराकडं वळायची. आई कावलेली. "कॉलेजात हसतात म्हून हीच मागं लागली, अन् आता बसंना!"

कसंबसं माप झालं. पुढच्या खेपेला सरांनी तिचाच नमुना तिच्या हातात दिला. "हे तुझे दात. आधी यांना लावतो. वाकडं गेलं तर ओरड."

ती ओरडली, दोनदा. सरांनी निमूटपणे ब्रॅकेट सरकवले.

ट्रे बसवायच्या दिवशी तिनं माझं बोट घट्ट धरलं होतं. ब्रॅकेटचा गोंद पक्का करणारा निळा दिवा फिरला, ट्रे निघाला.

"झालं?"

"व्हय, झालं."

आरशात बघून ती मोकळी हसली. आईनं डोळ्याला पदर लावला. सर हात धुवायला गेले, ते धूतच राहिले.

मायलेकी गेल्यावर मी विचारलं, "सर, बरंय ना?"

त्यांनी नळ बंद केला. "आमच्या हिच्या शेवटच्या दुखण्यात तोंडभर फोड होते. घास जायचा नाय. मी म्हणायचो, उघड तोंड, अजून थोडं उघड. डोळ्यांतनं पाणी यायचं, तरी उघडायची."

हात पुसत म्हणाले, "तवापासनं कुणाला जास्त वेळ तोंड उघडं ठेव म्हणायला जीभ रेटत नाय."