यादोरावांची विलायती माशी

"येत्या बुधवारी पाहुण्यायच्या ताटात जो मासा पडन, तो इकतचा नाई राहणार. त्यायच्या डोळ्यादेखत मी काढीन तलावातून."

यादोरावांनी हे आधी बायकोला सांगितलं, मग शेजाऱ्याला, आणि मग आपल्या दुकानात तांदूळ घ्यायला येईल त्या प्रत्येकाला, माप भरता भरता. चार दिवसांत अड्याळात हे ठाऊक नसलेला माणूस उरला नाही. एक्याऐंशी सालचा चैत्र होता. लोकांना शेतात काम नव्हतं आणि ऐकायला वेळ होता.

ही हिंमत आली होती एका दांडीमुळे. यादोरावांचा मेहुणा भोजराज बोटीवर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा थंड मुलखातल्या बंदरातून मासे धरायची दांडी आणली. चार तुकडे एकात एक बसवले की नऊ फूट लांब व्हायची, पण वजन असं की हातात काही आहे की नाही हे बघायला खाली पाहावं लागे. यादोरावांचा सारा जन्म बांबूची गरी आणि गांडूळ यांवर गेला होता. इथं गांडुळाचं नावच नाही. पिसं आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली एक खोटी माशी, तिच्या पोटात बारीक आकडा. माशीला वजन नसतं, म्हणून दोरीच जाड आणि जड, हळदीसारखी पिवळी. दांडी मागंपुढं झुलवायची, दोरी हवेत उलगडत जाते, आणि माशी अलगद पाण्यावर बसते. माशाला वाटतं खरीच आहे.

"माशीनं मासा धरायचा," यादोराव गिऱ्हाइकांना सांगत. "आपन इतके दिवस उगाच चिखल उकरून रायलो."

सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती वाचून द्यायला शाळेतले इंग्रजीचे वासुदेवराव मास्तर आले. मास्तरांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि भाषांतर केलं: "दांडी दहा ते दोनच्या दरम्यान फिरवावी. नजर सदैव पुढे पाण्यावर ठेवावी."

"दहा ते दोन?" यादोराव म्हणाले. "भर उन्हात?"

"छापलेलं आहे," मास्तर म्हणाले. त्यापुढं बोलण्यासारखं काही नव्हतं.

बोलला तो टिकाराम ढिवर. तलावात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या घरातला. यादोरावांच्या बरोबर चौथीपर्यंत शिकलेला, आणि गरीला गांडूळ कसं ओवायचं हे त्यांना लहानपणी यानंच दाखवलेलं. तो म्हणाला, "त्या येळेले मासा तळाशी जाऊन बसते, भाऊ. पाहाटी या, नाईतर सांजच्याले."

"तुह्या माशाले कायदा मालूम नाई, टिकाराम. हे विलायती काम आहे."

टिकाराम जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

बुधवारचे पाहुणे म्हणजे साधे पाहुणे नव्हते. यादोरावांच्या लेकीचं, तुळसाचं लग्न दोन ठिकाणी ठरता ठरता मोडलं होतं. आता बपेऱ्याच्या सोमाजींचा मुलगा पसंत पडला होता, त्यांनाही तुळसा पसंत होती. फक्त साक्षगंधाची तारीख काढायची होती, आणि त्यासाठी सोमाजी स्वतः येणार होते. मँगनीजच्या खाणीवर स्टोअरकीपर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस.

बुधवारी सकाळी टिकारामची बायको रंभाबाई दारात आली. टोपलीत ओल्या फडक्याखाली दोन मरळ होत्या, अजून वळवळत होत्या. "तुळसाच्या पाहुण्यायसाठी राखून ठेवल्या," ती म्हणाली.

यादोराव ओसरीवर दांडीला तेल लावत बसले होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "परत ने. आन् टिकारामले म्हन, आता जाळं गुंडाळून ठेव."

रंभाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. फडकं नीट केलं, टोपली उचलली आणि गेली.

आतून यादोरावांच्या बायको चंद्रभागाबाई दारापर्यंत आल्या. "मसाला वाटून ठेवला मी. मासा नाई आला तर पाहुण्यायले मसालाच वाढू का?"

यादोरावांनी दांडीला तेलाचा आणखी एक हात दिला. असल्या प्रश्नांना उत्तरं देऊ नयेत असं त्यांचं मत होतं.

सोमाजी दहाच्या एस.टी.नं उतरले, पाणी प्याले, आणि सव्वादहाला यादोराव त्यांना घेऊन तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, हजर झाले. मागून वासुदेवराव मास्तर पुस्तिका आणि छत्री घेऊन. मागून अर्धं गाव. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. सोमाजींना आंब्याच्या सावलीत बसवून यादोरावांनी दांडीचा एकेक भाग समजावून सांगितला. माशी म्हणजे काय, दोरी जड का, मासा फसतो कसा. सोमाजी मान हलवत राहिले. दोनदा त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि दोन्हीदा यादोरावांनी पुढचा मुद्दा काढला.

मग यादोराव धोतर खोचून पारीच्या कडेला उभे राहिले.

पहिल्या फेकीत दोरी त्यांच्याच पायाशी पडली, ताटात शेवया पडाव्यात तशी. दुसऱ्या फेकीत माशीनं त्यांची स्वतःची टोपी उचलली आणि तलावात दहा हातांवर नेऊन ठेवली. घाटावर कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. टोपी डुलत डुलत मध्यावर निघाली. यादोरावांच्या कानशिलाखाली ऊन तापलं होतं, आता आतूनही तापलं. त्यांनी दात आवळले, नजर पुढं पाण्यावर रोवली, आणि कुऱ्हाड उगारावी तशी दांडी डोक्यावरून पार मागं, जमिनीला टेकायच्या बेतानं नेली.

दांडी पुढं येईना.

'अडकली पळसात,' यादोरावांनी मनाशी म्हटलं. मागं पाहायचं नाही, हे छापलेलं होतं. त्यांनी झटका दिला.

मागून आवाज आला. वारा समोरून होता, बायका ओरडत होत्या, त्यातून यादोरावांना एवढंच ऐकू आलं: "ओढा, ओढा."

त्यांनी ओढलं. थोडी सैल पडली, म्हणून अजून ओढलं.

"सोडा, भाऊ," अगदी पाठीशी कोणीतरी शांतपणे म्हणालं. "सोडा म्हनून रायलो मी."

यादोराव वळले. सोमाजी मान वाकडी करून, एक हात कानाशी धरून उभे होते. हिरव्या पिसांची माशी त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीत बसली होती, आणि तिथून पिवळी दोरी थेट यादोरावांच्या हातात आली होती. यादोरावांचं काही चुकतंय हे हळूच कानात सांगायला सोमाजी सावलीतून उठून आले होते. ओढल्यावर कान फाटू नये म्हणून दोरी नेईल तसे चार पावलं आणखी पुढं आले होते, वेसण धरलेल्या बैलासारखे.

एक शेतकरी विळा घेऊन धावत आला आणि त्यानं दोरीवर विळा टेकवला. तेव्हा यादोरावांच्या तोंडून शब्द निघाले. मनात यायच्या आधी निघाले.

"दोरी नको कापू. विलायती आहे, इकडं भेटत नाई."

सोमाजींनी डोळे वर करून यादोरावांकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस नवीन पाहतोय, तसं. मग त्यांनी शेतकऱ्याला हातानंच मागं सारलं आणि म्हणाले, "चला. कोठी जायचं आहे?"

आता मागं घेता येईना. शब्दही आणि दोरीही. "कापा, कापा" म्हणावं असं यादोरावांना वाटत होतं, पण सोमाजी चालू लागले होते.

तसेच दवाखान्याकडे निघाले. पुढं सोमाजी कान धरून. आठ हात मागं यादोराव, दांडी दोन्ही हातांनी उभी धरलेली. मागं राहिले तर दोरी ताणायची, पुढं गेले तर पायात यायची, म्हणून दोघांचं पाऊल एक. बाजूला मास्तर सोमाजींवर छत्री धरून. आणि त्या दिवशी अड्याळचा बाजार होता. भाजीवाल्यांनी वाट दिली. मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "कोन्त्या देवाचा नवस हाये हो?" आणि उत्तराची वाट न पाहता हात जोडले.

दवाखाना बाजाराच्या पलीकडे. तिथं कुलूप होतं, डॉक्टर शिबिरासाठी पवनीला गेलेले. म्हणजे त्याच बाजारातून परत. या वेळी म्हातारीनं एक मिरची ओवाळून टाकली.

"आकडा काढनारा एकच मानूस आहे," मास्तर हळूच म्हणाले. यादोरावांना ते ठाऊक होतं. म्हणूनच ते इतका वेळ बोलले नव्हते.

टिकाराम अंगणात जाळं शिवत बसला होता. दारात रंभाबाई, शेजारी ती टोपली. यादोराव फाटकापाशीच थांबले. सकाळचा एकेक शब्द त्यांना आठवला, आणि आत टाकायचं पाऊल उचलेना. पण दोरी ताणली जाऊ लागली, म्हणून जावं लागलं.

टिकारामनं कान पाहिला. विळीनं दोरी कापली, एका झटक्यात, कोणाला न विचारता. "आकडा मागं ओढून निंघत नाई," तो म्हणाला. "त्याले उलटा काटा राहते. पुढं काढा लागते. पाहुणे, एक डाव दुखन."

"काढा," सोमाजी म्हणाले.

त्यानं आकडा पुढं सरकवून टोक बाहेर काढलं, पकडीनं काटा तोडला आणि उरलेला मागं घेतला. रंभाबाईनं तेल-हळद लावली, फडकं बांधलं. मग ती यादोरावांकडे न पाहता म्हणाली, "दोन वाजले. पाहुणे उपाशी आहेत."

"हाव बाई," सोमाजी म्हणाले. "या टोपलीतून वास येऊन रायला, तो मरळीचा का?"

यादोराव खाली मान घालून म्हणाले, "टिकाराम, मी सकाळी जे बोललो..."

"जेवून घ्या भाऊ," टिकाराम म्हणाला. "पाहुण्यायच्या समोर नको."

मरळी तिथंच शिजल्या आणि सगळे तिथंच जेवले. जेवण झाल्यावर सोमाजींनी मास्तरांच्या हातातली पुस्तिका मागितली, एक पान उघडलं. त्यावर घड्याळाची तबकडी काढलेली होती आणि काट्याच्या जागी दांडी.

"दहा ते दोन म्हंजे टाइम नाई जी," ते म्हणाले. "दांडी घड्याळाचा काटा समजायची. पुढं दहापर्यंत, मागं दोनपर्यंत. त्याच्या खाली नेली का माशी मागच्या मानसाले लागते. खानीवरचा सायब अशीच माशी टाकून मासे धरे, त्याची टोपली मी बारा वर्षं धरली."

मास्तरांनी पुस्तिकेत तोंड घातलं. यादोराव म्हणाले, "मंग सकाळपासून बोलले काहून नाई?"

"तुमी समजावून सांगत होते," सोमाजी म्हणाले. "पोरीच्या बापाले भरल्या गावात कसा टोकू?"

यादोरावांना वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या गाडीला बसवताना त्यांनी साक्षगंधाचं नाव काढलं नाही. धीरच झाला नाही. सोमाजींनीच खिडकीतून सांगितलं, "अक्षय तृतीयेच्या आधी धरा. कान तवापर्यंत भरन." गाडी गेली. यादोराव धुरात उभे राहिले.

दिवेलागणीला तुळसानं त्यांना जेवायला वाढलं. चंद्रभागाबाई बोलत नव्हत्या. त्यांचा वाटलेला मसाला तसाच पडला होता.

"बाबा," तुळसानं विचारलं, "तुमी ओढत होते तवा ते शिव्या देऊन रायले होते का?"

"नाई."

"आन् टिकारामकाकानं आकडा काढला तवा?"

"नाई. डोयात पानी आलं, पन शब्द नाई निंघाला."

तुळसानं ताटात आणखी एक भाकर वाढली. "मंग बरं आहे," ती म्हणाली. "त्या घरी मी सुखानं राहीन."

यादोरावांच्या छातीवरचं ओझं जरा हललं. पण उरलेलं तिला उद्या गाव सांगणारच, त्यापेक्षा आपणच सांगावं, असं त्यांना वाटलं. खाली पाहत ते म्हणाले, "तुळसा, एक मानूस विळा घेऊन आला होता. मी त्याले म्हटलं, दोरी कापू नको, विलायती आहे."

"मालूम आहे. घाटावर धुनं धूत होत्या त्या सत्यभामाकाकू दुपारीच सांगून गेल्या." तिनं ताट उचललं. "बरं झालं बाबा, माह्या कानात नाई अडकली."

'तुह्यासाठी तर मी लगेच कापली असती,' असं म्हणायला यादोरावांनी तोंड उघडलं. मग सकाळी तलावावर याच तोंडातून काय निघालं होतं ते त्यांना आठवलं, आणि त्यांची त्यांनाच खात्री वाटेना. त्यांनी तांब्या उचलला आणि हात धुवायला अंगणात गेले.