बघूक येतत

ग्रामपंचायतीचा शिपाई शिवा सायकलवरून न उतरताच ओरडला, "हौसाकाकी, उद्या सुभद्रेक बघूक येतत. दोघे जाण आसत." आणि बंदराच्या उतारावर दिसेनासा झाला.

कोण, कुठले, मुलगा काय करतो, हे विचारायला त्याने वेळच दिला नाही. हौसाबाईलाही ते विचारावंसं वाटलं नाही. ‘बघूक येतत’ हे दोन शब्द ऐकायला ती अकरा वर्षं थांबली होती. मासळीची टोपली तशीच ठेवून ती घर सारवायला लागली.

सुभद्राचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने बारीक झाला होता. हौसाबाईच्या मते तो मुरगळला होता. सव्वीस वर्षं तो मुरगळलेलाच होता. ‘अपंग’ हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. म्हणूनच सुभद्रा साडी आणायला म्हणून कणकवलीला गेली, आणि अपंगांसाठीच्या टेलिफोन बूथचा अर्ज देऊन आली. साडीही आणली. बंदरावर बूथ मिळाला तर आईच्या पश्चात भावाच्या घरात जन्मभर भाकऱ्या भाजायला नकोत, एवढाच तिचा हिशेब होता.

तपासणीआधी पत्र येईल, असं तिला ऑफिसात सांगितलं होतं. पत्र आलंही होतं. ते शिवाच्या पिशवीत होतं आणि त्यातला मजकूर त्याने आपल्या परीने तोंडी पोचवला होता. त्यामुळे सुभद्रालाही हे स्थळच वाटलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईने कुबडी माळ्यावर जुन्या जाळ्याखाली लपवली. मुलीला जमिनीपर्यंत लोळणारी साडी नेसवून खुर्चीत बसवलं आणि काही झालं तरी उठायचं नाही म्हणून बजावलं. चहा शेजारची सीता आणणार होती.

साहेब आले, सोबत एक कारकून. त्यांनी वय विचारलं, शिक्षण विचारलं. हौसाबाईला सगळं रीतसर वाटलं.

"घरातली कामं कोण करतं?"

"सगळा तीच. आता माडार तेवढा चडाचा रवला हा."

"बाहेर जायला त्रास होतो का?"

"त्रास कसलो? बाजारात धावत जाता."

साहेबांनी ‘धावत’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग त्यांनी मुलीला जरा चालून दाखवायला सांगितलं. याची हौसाबाईने रात्रीच तयारी केली होती.

"ती जुनी रीत झाली. आम्ही आता चेडवांका चालूक सांगनव नाय."

"मग अर्ज मंजूर कसा करायचा, बाई? बूथ अपंगांसाठी आहे."

सीता चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. सुभद्राने पहिल्यांदाच मान वर केली.

"आये, हे बूथाचे साहेब."

"कसलो बूथ?"

"फोनचो. बंदरार. माझो."

‘माझो’ हा शब्द हौसाबाईने तिच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता. साहेब पेनाचं टोपण लावत होते. धावणाऱ्या मुलीला बूथ देता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि ते उठले.

हौसाबाई शिडीवर चढली आणि तिने माळ्यावरची कुबडी ओढली. कुबडीबरोबर जाळंही आलं. ते थेट साहेबांच्या डोक्यावर पडलं. साहेब जाळ्यात असतानाच ती बोलून मोकळी झाली.

"साहेबांनू, मियां खोटा बोललंय. पाय मुरगळूक नाय तिचो. चेडू माझा अपंग आसा. कोणाक कधी सांगूक नाय इतक्या वर्सात."

कारकून आणि सीता दोन बाजूंनी जाळं सोडवत होते. सुभद्रा कुबडी घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. साहेबांनी केसांतलं खवलं काढलं आणि पुन्हा पेन उघडलं. त्यांनी आधीचा जबाब खोडून नवा लिहिला, वाचून दाखवला, आणि खाली आईचा अंगठा घेतला. ‘कामाक वाघीण’ असंही लिहा, असा हौसाबाईचा आग्रह होता. पण त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. वर्षाने पुन्हा तपासणी होईल, असं सांगून साहेब गेले.

बूथ झाला. ट्रॉलरवाले रांग लावून मुंबईला ओरडू लागले.

वर्षाने शिवा पुन्हा सायकलवरून ओरडून गेला, "काकी, सुभद्रेक बघूक येतत. दोघे जाण."

आता हौसाबाई फसणार नव्हती. तिने अपंगत्वाचा दाखला टेबलावर ठेवला आणि शाईची डबी उघडून शेजारी ठेवली. सुभद्राने मात्र दुपारचा बूथ बंद करणार नाही, ज्यांना बघायचंय त्यांनी तिथे यावं, असा निरोप पाठवला.

वेंगुर्ल्याहून आलेले दोघे आधी घरी येऊन टेकतात न टेकतात तोच हौसाबाईने सुरुवात केली. पोलिओ कधी झाला, पाय केवढा बारीक, जिने चढवत नाहीत, बाजारात ती कधीच धावलेली नाही. शिवाय रागीट आहे, हेही तिने सांगून टाकलं. नंतर निघायला नको.

त्यातला म्हातारा मुलाचा बाप होता. त्याने खिशातून काढलेली मुलाची पत्रिका हातातच राहिली.

हौसाबाईने ती घेतली, उलटसुलट केली आणि अंगठा शाईत बुडवला.

"खंय करू?"