कौसाबाईचा फाया

कोरोनाच्या वॉर्डात शिरण्याआधी आमच्या नाकापुढे अत्तर धरलं जायचं. धरणारी कौसाबाई, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातली आया, राहणार राणीसावरगाव.

मी इन्चार्ज सिस्टर. किट चढवण्याचा क्रम मी भिंतीवर लावला होता: हात धुणे, गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे. कौसाबाईनं त्याला आपली एक पायरी जोडली. दारात आडवी उभी राहून ती हिन्याचा फाया मास्कपुढे फिरवायची.

"वास आला?"

"आला."

"मग हवा शिरायली. थांबा." लगेच नाकावरची पट्टी दाबणं, मागचे पट्टे ओढणं सुरू. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

जिंतूरकडचे नवे डॉक्टर वैतागले. "मावशी, मास्क कितीही घट्ट बसला तरी सुगंध आत येतोच. तुमची परीक्षाच चुकीची आहे."

"आसंल. तुमाला आला का?"

"आला ना!"

"मग थांबा."

शेवटी सगळे शहाणे झाले. पट्टे ओढून झाले की म्हणायचं, "न्हाई आला." तिचा चेहरा खुलायचा. "जा आता. जशे चाललाव तशेच परत या." मीही तिला अडवलं नाही. तिच्यामुळे घाईत, ढिल्या मास्कनं कुणी आत पळत नव्हतं.

तिचा स्वतःचा मास्क मात्र कुणी तपासत नव्हतं. मीसुद्धा नाही. ती आजारी पडली, आमच्याच वॉर्डात राहिली, बरी झाली. कामावर परतली तेव्हा निम्मी झाली होती.

पहिल्याच दिवशी तिनं मला अंगणातल्या लिंबाखाली नेलं आणि कमरेच्या पिशवीतून अत्तराची कुपी काढली.

"सिस्टर, आमच्या मालकानं उरुसातून आणलेली हाय ही. ते गेल्यापासून मी रोज एकदा उघडायचे. आता मला वासच येईना. तुमी बघा बरं, हाय का त्यो?"

मी मास्क खाली केला. तळाशी थेंबभर उरलं होतं. बाकीचं सगळं आमच्या मास्कपुढे उडालं होतं.

"आहे, कौसाबाई. तोच आहे."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. मी आधी तिचेच पट्टे ओढले; तिनं मुकाट्यानं ओढू दिले. मग तिनं फाया डॉक्टरांपुढे धरला.

"वास आला?"

तिला वास येत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "आला, मावशी. लय आला."

कौसाबाईनं फाया क्षणभर स्वतःच्या मास्कला लावून धरला.

"मग थांबा," ती म्हणाली. डॉक्टर मान खाली करून थांबले.