गमरे आणि बिनगळ्याची रिळं

आमच्या कचेरीत शिरायचं तर आधी गमऱ्यांच्या झडतीतून जावं लागे. दारातच आडवे उभे राहून ते विचारत, "चुंबक? किल्ल्या? घड्याळ?" पोस्टमनसुद्धा सुटत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या केसांतल्या पिना काढायला लावून बशीत ठेवल्या, आणि मी एका हातानं अंबाडा सावरत दुसऱ्या हातानं टाईप करत बसले. चिडून विचारलं तर म्हणाले, "बाई, पुसलं की गेलं. परत येत नाही."

कचेरी म्हणजे शिरवण्यात, कारखान्यांच्या कडेला भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. मालक मुंबईत बसत. जाहिरातवाल्यांना आणि फिल्मवाल्यांना तयार संगीत वापरायला द्यायचं, हा आमचा धंदा. सत्तरचं दशक संपत आलं होतं, सगळा कारभार टेपच्या रिळांवर, आणि चुंबक जवळ आलं की टेपवरचा आवाज पुसला जातो. एकेका चालीची चार-पाच रूपं ठेवावी लागत. अख्खी, अर्ध्या मिनिटाची, दहा सेकंदांची, नुसत्या तबल्याची आणि बिनगळ्याची. बिनगळ्याची म्हणजे गाणारीला बाहेर बसवून वाद्यांनी पुन्हा वाजवलेली. ही रूपं ब्लेडनं कापायची, चिकटवायची, डब्यात घालून जपायची, हे गमऱ्यांचं काम. ब्लेड चालवताना ते श्वास रोखायचे आणि मलाही रोखायला लावायचे.

घाबरायला त्यांना काहीही चाले. खाडीची दमट हवा, वीज जाणं, वीज येणं. एकदा कुणा वारलेल्या कारखानदारावरच्या फिल्मसाठी आमच्याकडून चुकून लहान मुलांच्या गोळ्यांच्या जाहिरातीची चाल गेली होती, आणि ती म्हणे शोकसभेत वाजली. तेव्हापासून गमरे प्रत्येक रीळ स्वतः ऐकल्याशिवाय हातातून सोडत नसत, आणि सोडल्यावर दिवसभर अस्वस्थ असत.

रिळं ते उलटी गुंडाळून ठेवत, शेवट बाहेर आणि सुरुवात आत. सरळ ठेवलं की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो आणि वेळेआधीच ऐकू येतो, म्हणाले. मी हसले, तर त्यांनी एक जुनं, सरळ ठेवलेलं रीळ लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच तीच बाई कुठून तरी दुरून, कुजबुजल्यासारखं तेच गाणं गात होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानंतर रिळांच्या खोलीत एकटीनं जायला मीही भिऊ लागले. गमऱ्यांना तेवढंच बरं वाटलं असावं, घाबरायला सोबत मिळाली.

अशात मालकांचा फोन आला. नवी रिळं बाजारात मिळेनात. बिनगळ्याची रिळं हल्ली मागतंय कोण, ती सगळी पुसून कोरी करा, शनिवारी न्यायला येतो. पुसायचं यंत्र आतल्या खोलीत होतं. लोखंडाचं धूड नुसतं, बटण दाबलं की गुरगुरायचं. त्यावर रीळ फिरवलं की वर्षभराची मेहनत साफ. गमऱ्यांनी तो निरोप मला तीनदा सांगायला लावला.

सोमवारी यंत्राचा फ्यूज गेला. मंगळवारीही गेला. बुधवारी तो मला गमऱ्यांच्याच खिशात सापडला. दुनियेचे खिसे तपासणारा माणूस! मी भडकले. तुमच्या नादात माझी नोकरी जाईल, घरी म्हातारे आईबाप आहेत, असं काय काय बोलले. ते म्हणाले, "पुसतो, बाई, पुसतो." गुरुवारी त्यांचं पोट बिघडलं. शुक्रवारी ते आलेच नाहीत, आणि आतल्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. दुपारी बस पकडून मी वाशीला त्यांच्या घरी गेले.

दार अर्धवट उघडून त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. आत टेबलावर कचेरीनं मोडीत काढलेलं जुनं टेप मशीन होतं, शेजारी आमची बिनगळ्याची रिळं. खिडकीपाशी खुर्चीत त्यांची बायको बसली होती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला.

"चोरी नाही हो," गमरे घाईघाईनं म्हणाले. "रात्रीपुरतं आणतो, सकाळी जागेवर ठेवतो. आज परत न्यायचं धाडस झालं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी वहिनींना झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी हात टेकले. पुढे एकदा तपासायला म्हणून गमऱ्यांनी साबणाच्या जाहिरातीचं बिनगळ्याचं रीळ घरी लावलं, आणि एक शब्द न बोलणारी ही बाई ते अख्खं गाणं शब्दांसकट गायली. रेडिओवर ऐकून पाठ झालेलं.

"गळा असला की ती नुसती ऐकते," गमरे म्हणाले. "जागा रिकामी मिळाली की गाते."

तेव्हापासून अंघोळीचं विचारायला ते साबणाचं लावत आणि जेवणाचं विचारायला पापडाचं. नक्कल काढून ठेवायची ना, मी म्हटलं. तर घाबरून म्हणाले, ती मात्र खरी चोरी झाली असती.

त्यांनी चहापुडीचं रीळ लावलं. पेटी वाजली, तबला आला, आणि वहिनी स्वच्छ आवाजात गायल्या, "अहो, येताना आणा, पुडा चहाचा…" गमरे मशीनकडे बघत राहिले.

"लग्न झाल्यापासून मला अहोच म्हणायची," ते म्हणाले. "आता ती हाक एवढ्याच रिळात उरलीय."

मला रडूच फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, एकही रीळ पुसायचं नाही, मालकांचं मी बघते. बघितलंही पुढे. चांगलंच वाजलं आमचं, पण रिळं राहिली. त्या घटकेला मात्र गमरे जास्तच घाबरले. मालक मला काढतील, तुम्हाला काढतील, दोघांना काढतील, असं म्हणत येरझाऱ्या घालू लागले. रीळ संपून टेपचं टोक फटफट वाजत होतं, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"अहो."

पेटी नव्हती, तबला नव्हता. चाल तीच होती, पण वहिनी त्या एका शब्दावरच थांबल्या होत्या आणि गमऱ्यांकडे बघत होत्या. गमरे जागच्या जागी थिजले. मला वाटलं, आता हा माणूस पडतो.

"अहो," वहिनी पुन्हा म्हणाल्या. या वेळी चालही नव्हती.

"ओ," गमरे म्हणाले, आणि वहिनींच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले.