अण्णा आणि समुद्राच्या तळाची नळी

चाचणीची टाकी मी भांड्याच्या साबणानं धुतली. तेल कंपनीचे साहेब तपासायला येणार म्हटल्यावर स्वच्छता नको का?

अण्णांनी टाकीत डोकावून वास घेतला आणि मटकन स्टुलावर बसले.

"साबण?"

"लिंबाचा," मी अभिमानानं सांगितलं.

कागलच्या आमच्या कारखान्यात एक निमुळती पोलादी नळी बनते. तिची जागा समुद्राच्या तळाशी. तिथल्या विहिरीतून तेलाबरोबर पाणीही येतं. ते नळीत गरगर फिरतं, जड पाणी कडेला जातं, हलकं तेल मधोमध जमतं आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पण साबण लागला, की तेल फुटून पाण्यात असं मुरतं की बाहेर नुसतं ताक येतं. पंप लावून बघितला. ताकच आलं.

आणि साहेब तासाभरात दारात. नळी नापास झाली, तर हे काम कायमचं दुसरीकडं जाणार होतं. कारखान्याचे जुने मिस्त्री अण्णा तर निवृत्तीनंतरही या नळीपायीच थांबलेले.

अण्णांना फिरवण्याचं वेडच आहे. तांबड्या रश्शाची वाटी पुढं आली, की चमच्यानं एकाच दिशेनं फिरवत बसतात. तर्री मधोमध जमल्याशिवाय घास नाही. शिवाजी पेठेतल्या एका लग्नात त्यांनी वाढप्याच्या हातातला डावच काढून घेतला होता. "ढवळू नगं, फिरीव!" नवरदेव अक्षता सोडून तिकडंच बघत होता.

त्या दिवशी मात्र आवाज खाली होता. "गरम पाणी आणा. सगळी टाकी पुन्हा पुन्हा धुवायची. आणि तू," माझ्याकडं बोट, "पावण्याला मिसळ खायला घाल. तोंड चालू ठीव, हितं हात लावू नगंस."

साहेब आले तसं त्यांना मिसळीच्या हॉटेलात नेलं आणि तोंड चालू ठेवलं. फुटबॉल, गूळ, पेठेतल्या तालमी, सगळं सांगून झालं. साहेब मिसळीकडं कमी आणि घड्याळाकडं जास्त बघत होते. शेवटी उठलेच.

परतलो तेव्हा अण्णा गुडघ्यापर्यंत भिजलेले, हात भाजून लाल झालेले. पंप सुरू झाला. ग्लासात पहिलं पाणी आलं. गढूळ. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"जरा दम धरा, पावणं," अण्णा म्हणाले. नळीवर तळवा ठेवून त्यांनी डोळे मिटले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

दुसरा ग्लास. तिसरा. तो साहेबांनी खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडचं नारळाचं झाड स्वच्छ दिसत होतं. टोपण निघालं, सही झाली.

संध्याकाळी नळी खोक्यात भरताना अण्णांनी खांद्यावरच्या पंचानं ती पुसली.

"खाली लई अंधार हाय. कोण बघायला येत न्हाय. नीट ऱ्हा."

मला हसू आलं. तेवढ्यात ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुझी काकू गेल्यापास्नं घरात बी तसंच हाय. हिला निदान पाण्याचा आवाज तरी असंल."

माझं हसू तिथंच जिरलं. मग नेहमीसारखं भरमसाट बोललो: आजपासून रोज आमच्याकडं जेवायला या, पोरं आहेत, टीव्ही आहे, मी आहे, गप्पा मारू, रात्रभर मारू.

अण्णांनी खोक्याचं झाकण लावलं.

"आवाज म्हटलो मी, मर्दा. बडबड न्हवं."