मागच्या सीटवरचं दही

आमच्या समोरच्या घरातले देवरे अण्णा गाडी बघायला शोरूममध्ये जायचे, तेव्हा सोबत दोन गोष्टी न्यायचे. एक दह्याचा डबा आणि दुसरी मी.

दही घट्ट लागायचं. आदल्या दिवशी विरजलेलं, वर साय धरलेलं. ते मीच लावायचे. मी मागच्या सीटवर बसायचे, डबा मांडीवर धरायचा, आणि अण्णा चक्कर मारून आणायचे. उतरल्यावर उन्हात झाकण उघडायचं. दह्याला एक चीर जरी गेली, कडेला थोडं पाणी जरी सुटलं, तरी गाडी नापास.

"सर, गाडीत खाण्याचे पदार्थ चालत नाहीत," शोरूममधला टाय लावलेला माणूस पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"खायला कुणी आणलंय? हे मोजायला आहे," अण्णा म्हणाले.

अण्णा ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. एक मणभर वजनाचा चष्मा, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, आणि खिशात कायम एक टायरची हवा मोजायचं यंत्र. त्यांना बॅटरीवरची गाडी घ्यायची होती. तीही कुणासारखी दाराशी उभी करून दाखवायला नाही. त्यांना बायकोला, लीलाकाकूंना, कळवणला न्यायचं होतं, एवढंच.

काकूंचं माहेर कळवणजवळच्या एका खेड्यात. आईवडील नाहीत, पण मोठी बहीण होती, अक्का. तिचे गुडघे गेलेले, ती नाशिकला येऊ शकत नव्हती. आणि काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशननंतर एकदा काकू जीपमधून अक्काकडे लग्नाला गेल्या होत्या. जाता-येता एक शब्द बोलल्या नाहीत. घरासमोर जीप थांबली तर त्यांना उतरताच येईना. मी आणि अण्णांनी धरून उतरवलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या अंथरुणावर होत्या. तेव्हाच अण्णांनी ठरवलं की आता हिला न्यायचं ते धक्का न लागणाऱ्या गाडीतून. नाहीतर न्यायचंच नाही.

डिझेलची गाडी त्यांनी आधीच बाद केली. "ती उभी असली तरी थरथरते. बॅटरीची गाडी बघ, चालू आहे का बंद ते आपल्याला कळत नाही." पण त्यातही खोड होतीच. इंजिन गप्प, म्हणून रस्ता जास्त ऐकू येतो. आणि पेडलवरचा पाय उचलला की ती आपोआप अडते, मागच्या माणसाची मान पुढे जाते. अण्णा पाय इतका हळू उचलायचे की मागून लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे.

एकाच गाडीची तीन मॉडेलं होती, खालचं, मधलं आणि वरचं. मला वाटायचं, पैसे जास्त म्हणजे गाडी मऊ. तसं नव्हतं. वरच्या मॉडेलची चाकं मोठी आणि टायर पातळ. दिसायला झकास, पण खड्डा थेट कमरेत. खालच्या मॉडेलची चाकं लहान, टायर जाड, खड्डा अर्धा टायरच खाऊन टाकायचा. पण त्याची मागची सीट लाकडाच्या बाकासारखी ताठ. वरच्याची पाठ मात्र मऊ, मागे रेलणारी. मधल्याला चाकं वरची आणि सीट खालची. "म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं घेतलंय," अण्णा म्हणाले.

"मला वरच्याची सीट आणि खालच्याची चाकं द्या."

"तसं कंपनी देत नाही सर. पण वरच्या मॉडेलमध्ये छत उघडतं."

"छत उघडून करू काय? कांदे वाळवू?"

टायवाला त्यांना हायवेला न्यायचा. अण्णा म्हणायचे, "हायवेवर काय, खाटपण चालेल. जेल रोडच्या मागच्या गल्लीत चला." त्या गल्लीत एका नगरसेवकाच्या घरासमोर भला उंच गतिरोधक आहे. अण्णा त्याला 'साहेब' म्हणायचे. "आता साहेब येतील. सुमन, डबा धर." साहेबांवरून गेलं की अण्णा विचारायचे, "मागची सीट काय म्हणते?"

मी म्हणायचे, "ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"ठीक."

मला आधीच बोलायला सुधरत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि अनोळखी माणसांसमोर तोंड उघडायची सवय काही लागली नाही. त्यात शोरूममध्ये गार हवा, काचा, आणि माझ्या मांडीवर दही. टायवाला माझ्याकडे बघायचा तेव्हा मी डब्याकडे बघायचे.

'मागची सीट काय म्हणते' हे अण्णांचं सगळ्याच बाबतीत असायचं. "गाडी विकतात पुढच्या सीटवर, दुखतं मागच्या सीटवर," ते म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत पुढच्या ओळीत वाढप चांगलं झालं तरी ते मागच्या ओळीत जाऊन विचारून यायचे. माणसांचीही त्यांनी मॉडेलं पाडली होती. त्यांचा पुण्याचा जावई वरचं मॉडेल. "चाकं मोठी, पण जरा काही झालं की धक्का थेट घरच्यांना." आमच्या यांना ते मधलं मॉडेल म्हणायचे. हेही काही कमी नव्हते. अण्णांना गेटवरून विचारायचे, "काय अण्णा, आज परत दह्याला फिरवून आणलं का?"

"आणलं. नापास."

"मग ताक करा आणि बसा घरी!"

हळूहळू नाशिकमधल्या सगळ्या शोरूमना अण्णा माहीत झाले. आम्ही दारातून आत शिरलो की टायवाले जेवायला गेलेले असायचे. सकाळी दहालासुद्धा. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. ते तिथल्या सोफ्यावर बसायचे आणि त्या सोफ्याचीही पाठ दाबून बघायचे.

तिकडून अक्काचा फोन रोज यायचा. ती इतकी मोठ्यानं बोलायची की माझ्या ओट्यावर ऐकू यायचं. "कव्हय येशी वं माय?" कधी येशील गं, असं ती विचारायची. काकू म्हणायच्या, "गाडी ठरली की येते." सुरुवातीला त्या हसून सांगायच्या. नंतर नुसतं सांगायच्या.

एकदा मी काकूंना विचारलं, "काकू, खालचंच घ्या ना. पाठीला उशी लावू."

"मी काय सांगू? त्यांना वाटतं मला दुखू नये," काकू म्हणाल्या. "मला दुखतं ते चालेल, असं म्हणाले तर त्यांना अजून लागेल."

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग गाडीचं नवीन मॉडेल आलं. खालचीच चाकं, पण मागची सीट थोडी मागे रेलणारी. अण्णांनी फोन करून चौकशी केली आणि सकाळीच माझं दार वाजवलं. आम्ही गेलो. त्या दिवशी टायवाला जेवायला गेला नव्हता. तो म्हणाला, "सर, चला, तुमच्याच गल्लीत जाऊ." साहेबांवरून गेलो. मी जागची हलले, पण उडाले नाही. पुढचे खड्डे झाले, परत साहेब झाले. शोरूमसमोर उतरून अण्णांनी झाकण उघडलं. दह्यावर साय तशीच्या तशी. एक चीर नाही.

अण्णांनी तो डबा टायवाल्याला दाखवला, मग वॉचमनला दाखवला. टायवाल्यानं त्यांच्याशी हात मिळवला. रिक्षातून येताना डबा त्यांनी माझ्याकडे दिला नाही. जाताना मी धरायचे तसा स्वतःच दोन्ही हातात वर उचलून धरला, कारण रिक्षात ते मोडलं असतं.

गल्लीत वळलो तर काकू गेटमध्ये उभ्या होत्या. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून त्या कधी गेटपर्यंत येत नसत. अण्णा रिक्षातूनच ओरडले, "अगं, मोडलं नाही! पास झाली!"

काकू म्हणाल्या, "अक्का गेली."

अण्णा डबा धरून तसेच बसून राहिले. रिक्षावाल्यानं दोनदा "काका" म्हटलं तेव्हा उतरले.

नवी गाडी त्या दिवशी कुणी देणार नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एकाची कांद्याची पिकअप उभी होती, तीच निघाली. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. अण्णा मागे हौद्यात, कांद्याच्या सालपटांत उभे राहिले. मी काकूंच्या पाठीला दोन उशा लावल्या. दिंडोरी, वणी, पुढे घाट. तो रस्ता मला माहीत आहे, त्यावर धड असा भाग थोडाच आहे.

परत आल्यावर अण्णांनी विचारलं, "फार दुखलं का?"

काकू म्हणाल्या, "रस्ता कसा होता, कळलंच नाही."

त्यानंतर अण्णा कुणाशी बोलेनासे झाले. अण्णा गेटवर दिसले तरी हे काही टोमणा मारेनात. एका संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले, तर अण्णा पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "सुमन, मी तुलाच का न्यायचो, माहीत आहे?"

मी म्हटलं, "दह्यासाठी."

"दही कुणीही धरलं असतं. तू दुखलं तरी सांगत नाहीस. हीसुद्धा सांगत नाही. म्हणून मी आरशात तुझं तोंड बघायचो. साहेबांवरून जाताना तुझा खालचा ओठ दाबला जायचा. तू ठीक म्हणायचीस आणि मी गाडी नापास करायचो."

मी भाजीचं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत माझं तोंड कुणी एवढं लक्ष देऊन बघितलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं. आणि बघत होते ते माझ्यात काकूंना.

गाडी त्यांनी घेतली. पास झाली होती तीच, पांढरी. हार घातला, लिंबू चिरडलं, सगळं केलं. पण नेणार कुठे? बरेच दिवस ती अंगणात चादर ओढून उभी होती. अण्णा रोज टायरची हवा मोजायचे आणि चादर परत ओढायचे.

मागच्या आठवड्यात काकूंनीच मला हाक मारली. "सुमन, दही लाव गं. उद्या चक्कर मारू."

मी आणि काकू मागे बसलो. डबा या वेळी काकूंच्या मांडीवर होता. अण्णांनी आरसा सरळ केला. दिंडोरीच्या पुढे, वणीचा फाटा दिसायला लागल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. इथूनच मागे वळायचं, असं ते घरून सांगून निघाले होते.

"मागची सीट काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डब्याचं झाकण काढलं. दही अखंड होतं. त्यांनी ते अण्णांना दाखवलं. मग बोट घातलं आणि दह्याला मधोमध आरपार चीर पाडली.

"घ्या, मोडलं," त्या म्हणाल्या. "आता वळवू नका. अक्काच्या सुनेला सांगितलंय मी, जेवायला येतो म्हणून."

गाडी चालू होती की बंद, मला कळेना. आरशात अण्णांचे डोळे दिसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते आमच्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते. मग गाडी हळूच पुढे सरकली.

फाट्यानंतर पहिल्याच खड्ड्याला काकू मोठ्यानं म्हणाल्या, "आई गं!"

अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. "दुखलं?"

"दुखलं," काकू म्हणाल्या. "चला पुढे."