मोघेकाकांची जर्मन रेकॉर्ड

इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मोघेकाकांकडे जेवायचं बोलावणं आलं की आम्ही घरून थोडं खाऊनच निघतो. काकांचा हात आखडता आहे असं मुळीच नाही. काकू गेल्यापासून पुरणपोळीपासून अळूच्या फदफद्यापर्यंत सगळं ते एकटे करतात आणि झकास करतात. पण पानं वाढण्याआधी रेकॉर्ड ऐकावी लागते.

रेकॉर्ड एका जर्मन रॉक बँडची. रॉक म्हणायचं ते आपलं काका म्हणतात म्हणून. ऐकताना वाटतं, कोणीतरी लोखंडी पिंप फरशीवरून ओढतंय, शेजारी दुसरा ड्रमवर एकच ठेका धरून बसलाय आणि तिसरा मधूनच जर्मनमध्ये रागावतोय. तरुणपणी कंपनीने ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं होतं, तेव्हा काकांनी ती आणली. "एक्सपेरिमेंटल आहे," ते बजावतात. "बोलायचं नाही. फोन त्या टोपलीत."

कोणी चुळबुळ केली की काका बोट वर करतात. "थांबा, आत्ता उलगडतंय!" माझ्यादेखत आजवर काहीही उलगडलेलं नाही. तिकडे स्वयंपाकघरात भरली वांगी घमघमत असतात आणि अनघा, म्हणजे माझी बायको, मला कोपराने ढोसत असते.

एकदा कुलकर्णी नावाचे नवे पाहुणे आले. गाण्याच्या बैठकीला आल्यासारखे मांडी ठोकून बसले. एका जागी बँडने असा काही जोर धरला, की ते मान डोलावून म्हणाले, "वा! क्या बात है!" मग आम्हीही लाजेकाजेस्तव माना डोलावल्या. सुई अडकली होती. काकांनाही ते कळायला बराच वेळ लागला. कुलकर्णींचा चेहरा पडला, काका मात्र बेहद्द खूश. "पहिल्यांदा कोणीतरी दाद दिली हो!"

गेल्या शनिवारी मी एकटाच गेलो. अनघाने डोकेदुखीचं निमित्त काढून अंग काढून घेतलं होतं. भुकेने माझा धीर सुटला. "काका, आधी जेवू या ना. मग निवांत ऐकू."

काका वरणाला फोडणी देत होते. पाठमोरेच म्हणाले, "जेवल्यावर कोण थांबतं रे? हात धुतले की सगळ्यांना सकाळची मीटिंग आठवते. डबे भरून घेतात, 'काका, मस्त झालं होतं' म्हणतात, की गाड्या स्टार्ट. ही गेल्यापासून घर फार लवकर रिकामं होतं. रेकॉर्ड लावली की एक बाजू संपेपर्यंत तरी माणसं बसतात."

पुढे मी निमूटपणे ती बाजू ऐकली, मग आम्ही जेवलो. काकांनी सवयीने माझ्यासाठी डबा काढला. मी तो बाजूला सारला आणि म्हटलं, "काका, आता दुसरी बाजू लावा."

"दुसरी? अरे, ती मीसुद्धा कधी धड ऐकलेली नाही," ते म्हणाले. "फारच भयंकर आहे."

पण पंच्याला हात पुसत ते लगबगीने उठलेच.